रुख्माबाईची जागा

बाग म्हणजे काही भल्ली मोठी नाही बापा. पाचपावलीत कोष्ट्यांच्या घरांमागं, दोन भिंतींच्या मधात. एक खाट टाकली तर चालाले जागा नाही उरत. पण तिथली झाडं बोलतात. तुमचा विश्वास नसंल तर नका ठेवू, मले काही फरक नाही पडत. मी इंदोऱ्याची प्रेमिला, रुख्माबाईची मैत्रीण, अन् मी माह्या कानानं आयकलं हाय.

भोसल्यांच्या राज्यात सत्यवती नावाच्या कोष्टिणीनं राणीसाठी लुगडं विणलं. राणी खूष झाली, म्हणे, पाहिजे ते माग. सत्यवती म्हणाली, "मेहनत माही अन् नाव नवऱ्याचं. बायांचा आवाज राहीन एवढी माती द्या." तवापासून रीत पडली. नवी सून माहेराहून फांदी आणते, सासू जागा दाखवते, सून लावते. बाई मेली का तिचं झाड बोलाले लागते. सासूनं जागा न दाखवता मातीत लावली तर फांदी वाळून जाते.

ते बोलणं बायांनाच आयकू येते. रुख्माबाईचा पोरगा हेमराज म्हणते, नुसता वारा हाय. हो बापा, वारा! वारा काय "सुनेले माहेरी धाड, तोंड उतरलं तिचं" म्हणते?

रुख्माबाई उमरेडची. लग्न होऊन या घरी येताना जास्वंदाची फांदी घेऊन आली अन् पहिल्याच महिन्यात घोळ करून बसली. लुगडं मागावरून उतरवताना सुताची टोकं मागावरच ठेवाची असतात, नव्या ताण्याचे उभे धागे त्यालेच सांधतात. माग कधी रिकामा करत नाहीत. ही सासूले मदत कराले गेली, सगळं साफ कापलं, अन् वरून माग झाडून-पुसून ठेवला! सासू धुरपताबाई आली अन् खालीच बसली. "सत्यवतीपासून हा माग रिकामा नव्हता. जिनं रिकामा केला तिले माती नाही," म्हणे. शब्द काही मागे घेतला नाही, अन् तशीच मेली.

मेल्यावर तिचा मोगरा साऱ्यांशी बोले, रुख्माशी नाही. रुख्मा रोज पाणी टाके, मोगरा गप. जास्वंद बिचारी डब्ब्यातच वाढली. मी एकदा मोगऱ्याले सुनावलं, "अवं, माग भंगारात गेले, तुह्या नातवानं मोबाइलचं दुकान टाकलं, तुहा राग अजून ताजाच?" तर मले म्हणते, "तू मधात पडू नको वं!" मेली तरी ठसका पाहा बाईचा.

यंदा रुख्माचं हृदय थकलं. रामदासपेठेतल्या डॉक्टरनं बादली उचलू नका म्हणून सांगितलं. हेमराजचा तिकडं दूर, बेसा वस्तीत फ्लॅट हाय, लिफ्टवाला. तो न्याले येणार त्या सकाळी रुख्मा माह्या हाताले धरून रडली. "जिंदगीभर दुसऱ्यांच्या झाडाले पाणी टाकलं वं प्रेमिला. मी मेल्यावर माहा आवाज कुठीच नाही राहणार." माहा जीव तुटला. मग तिनंच डोळे पुसले, म्हणे, "डब्बा आण. वाळली तर वाळू दे. मी लावतेच."

तिनं जागा निवडली ती भिंतीच्या पार कोपऱ्यात, मोगऱ्यापासून दूर. म्हणे, त्याले त्रास नको. मी खुरप्यानं खड्डा केला. तिनं जास्वंद डब्ब्यातून काढली, मुळं मोकळी केली. साऱ्या झाडांची बडबड बंद झाली, सत्यवतीचा चाफाही गप.

"तिथी काहून लावून राहिली वं?"

माय वं! मोगरा. रुख्मा जागच्या जागी थिजली. मले वाटलं, आता इथंच जाते का काय ही.

"दुपारचं ऊन सरळ येते तिथी. म्हातारी झाली, पण अक्कल नाही आली. आण इकडे. माह्यापाशी लाव."

रुख्मा जास्वंद छातीशी धरून मोगऱ्याजवळ गेली अन् मातीत मांडी घालून बसली. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. हेमराज दारातून ओरडला, "आई, चाल ना, उशीर होऊन राहिला!"

रुख्मानं मागे वळूनही नाही पाहिलं. "थांब गा," ती म्हणाली, "माही सासू बोलून राहिली माह्याशी."