ड्रमच्या मापाची व्हॅनिटी

१४ मे, बुधवार. कडक ऊन. वारा असा पडलेला की दोरीवरचं फडकंही हलत नाही.

चहा घेता घेता ऐका, कारण असा शहाणपणा अकोल्यात माझ्याशिवाय कोणी केला नसेल!

माझी लेक पल्लवी अमरावतीला, राजापेठेत असते. सुट्टीत नातीला घेऊन सकाळी येते आणि संध्याकाळी परत. "बाबा, तुमच्या बाथरूममध्ये साबण ठेवाले जागा नाही, राहू कशी?" या वेळी मी म्हटलं, जागा करतो, आठ दिवस राहशील? म्हणाली, "पाहू."

त्या 'पाहू'वर मी भिंतीवर टांगायची व्हॅनिटी घ्यायला निघालो. वर आरसा आणि बेसिन, त्याखाली ड्रॉवरचं कपाट, आणि कपाटाखाली मोकळी जागा.

दुकानदाराने विचारलं, "काका, घरी मानसं किती?"

"मी."

"मंग दोन ड्रॉवरची कायले?"

"पोरगी येऊन राहिली ना!" हे मी दुकानभर ऐकू जाईल असं सांगितलं.

आता अकोल्यात नळ रोज येत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं? बाथरूममध्ये पाण्याचा निळा ड्रम असतोच. टांगती व्हॅनिटी घेतली ती त्यासाठीच. ड्रम खाली सरकला पाहिजे! झाकणासकट माप घेतलं, पुन्हा घेतलं, भिंतीवर रेघ मारली. प्लंबर म्हणाला, "काका, लय वर जाऊन राहिलं."

"रेघ पाहा अन् ठोका!"

ड्रम बरोबर खाली गेला. काय समाधान! मी मात्र व्हॅनिटी वापरली नाही. दात अंगणातच घासले. ड्रॉवरवरचं प्लास्टिकही काढलं नाही. पोर आल्यावरच हात लागावा. संध्याकाळी दिवा लावून नुसतं पाहून यायचो. दाखवणार तरी कोणाला?

शनिवारी दोघी आल्या. पल्लवी आत गेली आणि ओरडली, "बाबा! हे बेसिन माह्या गळ्याले लागते!"

"खाली ड्रम आहे ना, बेटा."

"मंग तोंड ड्रमावर चढून धुवाचं का?"

नात पिऊ म्हणाली, "आबा, तुमी आरशात दिसता का?" मी पुढे उभा राहिलो. आरशात बल्ब होता, आणि माझं टक्कल.

दोघी हसून हसून खाली बसल्या. मीही हसलो. घरात एवढा आवाज बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्याच भरात प्लंबरला बोलावलं, आत्ताच्या आत्ता खाली घे! पण भरलेला ड्रम हलेना.

"पानी राहू द्या बाबा, काहून घाई करता?"

"अगं, उद्या नळ येतोच!" मी छाती काढून सांगितलं, आणि बादली बादली करून सगळं पाणी लिंबाच्या झाडाला घातलं.

व्हॅनिटी खाली आली. पिऊचाही हात पुरू लागला. रविवारी नळ आला नाही. सोमवारी आला नाही. मंगळवारी शेजारून मागून आणलेल्या कळशीत तिघांनी भागवलं.

"तुमीबी चला ना अमरावतीले," बॅग भरताना पल्लवी म्हणाली.

"आणि नळ आला तर?"

आज सकाळच्या एसटीने दोघी गेल्या. नळ दुपारी आला.