स्पितीतला शंख

परवा आईची नखं कापताना मला एकदम हिमालयातल्या स्पितीतली दुपार आठवली. नखं वाढतात साधारण तितक्याच सावकाश आपला भूपट्ट उत्तरेकडे सरकतो, हे मी अहमदपूरच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. कुठे दोन भूपट्ट दूर जातात, कुठे घासत सरकतात, कुठे आदळतात. फळ्यावर बाण काढले की माझं काम संपायचं.

त्या दुपारी तिथल्या विहारात वंदना करून आम्ही दोघी उतारावर बसलो होतो. हवा विरळ, ऊन टोचणारं, चहूकडे उघडे डोंगर. आईनं पायाजवळचा काळा दगड उचलला. त्यात वेटोळं घातलेला एक शंख होता.

“हे काय हाय गं?”

“समुद्रातला जीव, आई. हितं आधी समुद्र होता. आपली जमीन येऊन पलीकडच्या जमिनीला धडकली, आन् समुद्राचा तळच वर आला. त्याचेच हे डोंगर.”

“आपली कुठली आली जमीन?”

“म्हंजी आपल्या गावची, जळकोटची, अख्ख्या देशाची.”

“आता थांबली का?”

“न्हाई. अजून ढकलायलीय.”

जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या आईनं तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. तिनं दगडाला हळूच जीभ लावली.

“मीठ न्हाई राहिलं,” ती म्हणाली.

तेव्हा मला हसू आलं. आज वाटतं, समुद्राशी तिची पहिली भेट अशी डोंगरावर झाली होती.

दगड होता तिथंच ठेवून तिनं जमिनीवर तळहात टेकवला, आणि कितीतरी वेळ उचलला नाही.