रूममेटचं लग्न

माझ्या धाकट्या भावाने ऑस्ट्रेलियात आल्यापासून घरं बदलली, नोकऱ्या बदलल्या, पण रूममेट बदलला नाही, याचं आईला फार कौतुक होतं.

निखिल पुण्याहून मेलबर्नला आला तो विद्यार्थ्यांच्या लाटेत. तेव्हा एकेका घरात इतकी मुलं राहत, की भाताला पातेलं नव्हे, बादली लागायची. बाकीची मुलं पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळताच पांगली. डॅनियल राहिला. तो निखिलचा कोण, हे मला आणि माझ्या नवऱ्याला, आनंदला, माहीत होतं. मेलबर्नच्या कडेला पॉइंट कुकला आमच्याकडे राहणाऱ्या, आता इथली नागरिक झालेल्या आईला ते सांगायचं कोणी, एवढंच ठरत नव्हतं.

त्या वर्षी सरकारने टपालाने सगळ्या नागरिकांना विचारलं, की दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना आपसात लग्न करू द्यावं का. आमच्या पत्रपेटीत 'नाही म्हणा' सांगणारी पत्रकं पडायला लागली. आईच्या हाती लागू नयेत म्हणून मी ती धावत जाऊन फाडून टाकायची. (त्यात पिझ्झाची कूपनंही गेली.)

अशात निखिलचा फोन आला. "ताई, देश हो म्हणाला तरी आई नाही म्हणाली, तर मी लग्न करणार नाही."

"वेडा आहेस का?"

"आहे. तू सांग तिला."

मी घाबरले की कामाला लागते. रविवारचं जेवण ठरवलं. क्रम असा: आधी आईची बीपीची गोळी, मग पुरी-भाजी, मग श्रीखंड, आणि श्रीखंडाने तोंड भरलेलं असताना बातमी. तोंड रिकामं होईपर्यंत राग निम्मा उतरतो, असा माझा अंदाज. हॉस्पिटलपर्यंतचा रस्ताही आनंदला एकदा गाडी नेऊन बघायला लावला.

रविवारी निखिल आणि डॅनियल आले तेव्हा सगळी तयारी चोख होती. फक्त श्रीखंड आणायचं राहिलं होतं.

"तुझ्या यादीत नव्हतं?" आनंदने विचारलं. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो निखिलला घेऊन मुकाट्याने दुकानात गेला. मी पुऱ्या तळायला घेतल्या. बाहेर टेबलाशी आई आणि इस्त्रीच्या शर्टातही घामाघूम झालेला डॅनियल, असे दोघेच उरले.

किचनमधून मला दिसलं, की डॅनियल पुढे वाकून आईला काहीतरी विचारतोय. आई दोन शब्द बोलली. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पुन्हा विचारलं. आई पुन्हा बोलली, या वेळी हात हलवून. डॅनियल उठला, दारातले बूट हातात घेतले आणि नुसत्या मोज्यांवर जाऊन आपल्या गाडीत बसला.

मी झारा घेऊन त्याच्या मागे धावले. "काय झालं?"

"मला राहवलं नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "निखिलशी लग्न करू का, असं विचारून टाकलं. त्या म्हणाल्या, 'ओ, नाह.'"

(इथे चहा नको असला तरी 'नाह, मेट' म्हणतात.)

"नीट ऐकलंस?"

"म्हणून तर परत विचारलं. मग दोनदा म्हणाल्या."

एवढ्यात आनंद आणि निखिल परतले. मी काही सांगायच्या आधीच माझा चेहरा बघून निखिल श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसला. ते बघून मला भीतीच्या जागी संताप आला. मी झाऱ्यासकट आईसमोर उभी राहिले.

"आई, कोणी कोणाबरोबर संसार करावा, ही काय टपालाने ठरवायची गोष्ट आहे? निखिल तापाने फणफणला होता तेव्हा आपण इथून नुसते फोन करत होतो. पेज कोणी भरवली? डॅनियलनेच ना? आणि तू त्याला नाही म्हणतेस?"

आईने सगळं शांतपणे ऐकलं. "झालं? पुऱ्या जळतायत."

"विषय बदलू नकोस."

"मी कुठे बदलतेय? त्याने विचारलं, निखिलशी लग्न करू का. मी म्हटलं, हो ना. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं, अरे हो ना, हो ना. तर बूट घेऊन पळाला. इतका लाजरा जावई मी पाहिला नाही."

मी खुर्चीत बसले. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"रूममेटच्या बनियनला कोणी इस्त्री करतं का? मी तर 'यस'वर खूण करून तो सरकारी कागद कधीच टपालात टाकला. तुझाच अजून फ्रिजवर लटकतोय."

डॅनियलला आत आणलं. आमचा 'ना' म्हणजे तुमचा 'नाह' नव्हे, तो उलट होकाराला जोर देतो, हे मी त्याला उदाहरणांसह समजावलं. तो हसला, मग श्रीखंडात थोडा रडला, आणि म्हणाला, "ताई, लग्नाची सगळी व्यवस्था तुम्ही बघाल?"

मला इतका आनंद झाला, की मी चटकन म्हणाले, "हो ना!"

त्याचा चमचा हवेतच थांबला. मी घाईघाईने इंग्रजीत सावरायला गेले, "ओ, नो, नो, नो," तसा तो उठून बूट शोधायला लागला.

बूट सापडले नाहीत. आईने ते आधीच आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. घरात एक तरी व्यवस्थित माणूस असावा लागतो.