काजूने परत आणलेली ओटी

चार घटका निवांत मिळाव्यात म्हणून आम्ही मांजरा नदीकाठी तंबू ठोकायला गेलो, आणि त्या निवांतपणातून सावरायला मला आठ दिवस लागले.

त्याचं असं झालं. मुलगी मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला निघाली. जाताना तिने तिचा जीव की प्राण असलेला लॅब्राडोर, काजू, आमच्या मलकपेठच्या घरी सोडला आणि फ्रिजवर सूचनांची यादी चिकटवली. पहिलीच सूचना तांबड्या शाईत : 'काजूला पाण्यात जाऊ देऊ नका! कानाचं ऑपरेशन झालंय.'

"बाबा, जमेल ना?"

"अगं, तुला नाही का वाढवलं?" (तिला तिच्या आईने वाढवलं, पण तो विषय मी काढला नाही.)

"मग नदीवर कशाला न्यायचं त्याला?" मी तंबूचा बेत सांगताच बायकोने, म्हणजे सुधाने, विचारलं.

"आपण काठावर बसणार. पाण्यात कोण उतरतंय?"

माझी आई मात्र खूश. तिचं माहेर लातूरकडचं, मांजरेच्याच काठचं. गाडीत बसली तीच मांडीवर पिशवी घेऊन.

कोठीच्या बाजारातून आणलेला तंबू उभा केला तेव्हा तीन दांड्या उरल्या. सुधा आत बसून कांदा चिरू लागली. मी पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बसलो. काजूने पाण्याकडे बघितलं की मी आणखी एक वेढा द्यायचो! शेवटी चहाचा कप धरायला हात हवा म्हणून पट्टा तंबूच्या दांडीला अडकवला.

तेवढ्यात आईने पिशवीतून खण आणि नारळ काढला.

"आई, हे काय?"

"माहेरची नदी रे! तिची ओटी भरल्याशिवाय कशी जाऊ?"

इथे एक कबुली द्यायला हवी. टाकलेली वस्तू उचलून आणायला काजूला मीच शिकवलं होतं. चेंडू तो फाडायचा, म्हणून नारळ टाकून शिकवलं!

"आई, थांब!" मी ओरडलो. पण नारळ उडाला होता. पाठोपाठ काजू उडाला, त्याच्यामागून दांडी, आणि तंबू सुधाच्या अंगावर बसला.

"अहो! दिवे का गेले?" आतून आवाज आला. भरदुपारी!

काजू लव्हाळ्याआड दिसेनासा झाला. कानात पाणी गेलं तर? दांडी कुठे अडकली तर? मुलीला कुठल्या तोंडाने फोन करू? मी चपलांसकट पाण्यात शिरलो.

काठावर जाळं सुकवणारा एक म्हातारा ओरडला, "ओ साब! पानी में नक्को उतरो! मगर है उधर!"

"कितना बड़ा?"

"अब नाप के कौन आया साब!"

मी मागे फिरणार, तर पाय चिखलात. दोन्ही! सोडवायला वाकलो तो तोंडावर आपटलो. वर येऊन बघतो तर लव्हाळ्यातून काहीतरी काळं, केसाळ माझ्याच दिशेने येतंय! मी घाबरून रामरक्षा सुरू केली. मधला एकही श्लोक आठवेना.

तो नारळ होता. त्याच्यामागे काजूचं तोंड होतं. माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो काठावर गेला, नारळ आईच्या पायाशी ठेवला, अंग झाडलं, परत आला आणि माझी कॉलर धरून ओढू लागला.

"नदीने ओटी घेतली नाही रे!" आईचा चेहरा पडला. तिने नारळ पुन्हा उचलला.

"आई, टाकू नकोस!" मी कंबरभर पाण्यातून हात जोडले.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "कुत्ता होशियार है साब." माझ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काजूचे कान तपासले. ठणठणीत! माझ्या कानात मात्र पाणी गेलं होतं. आठ दिवस थेंब घातले.

मागच्या महिन्यात मुलगी पुन्हा बाहेरगावी गेली. फ्रिजवर नवी यादी लागली, पहिली सूचना तांबड्या शाईत : 'बाबांना पाण्यात जाऊ देऊ नका!' सुधाने ती वाचली की नाही ठाऊक नाही. पण हल्ली मी आंघोळीला शिरलो की काजू बाथरूमच्या दारात पहारा देत बसतो.