नाव आण्णांचं, मजकूर दीपालीचा

कुंडलच्या जिनदत्त आण्णा आवटींनी चौतीस वर्षं टपाल वाटलं, आणि त्यातलं एक अक्षर कुणाच्या कानावर घातलं नाही. पोस्टकार्ड म्हणजे उघडाच मजकूर, पण आण्णा ते पत्त्याच्या बाजूनंच धरायचे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवायचे आणि उंबरा ओलांडला की विसरायचे. निदान विसरल्याचा चेहरा तरी करायचे. चहाच्या टपरीवर लोक खोदून खोदून विचारत, कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा जावई रुसला. हे आपले बशीतला चहा फुंकत बसायचे. गावानं त्यांना मुका पोस्टमन असं नाव ठेवलं होतं. आण्णांना मनातून त्याचा गर्वच होता.

निवृत्तीनंतर पेन्शनच्या बँकेतल्या साहेबानं त्यांच्या गळ्यात आरोग्य विमा मारला. पॉलिसी आण्णांच्या नावावर आणि तिच्यात बायको गुणमाला, मुलगा भरतेश, सून दीपाली. तीन वर्षं कुणाला साधा ताप आला नाही, तेव्हा आण्णा विम्याच्या नावानं खडे फोडत. मग गेल्या महिन्यात दीपालीला रक्त फार जायला लागलं. भरतेशनं तिला सांगलीला नेलं, एक रात्र दवाखान्यात ठेवून परत आणलं. "पाळी जास्त गेली," एवढंच घरात सांगितलं. त्यांची दहा महिन्यांची लेक ब्राह्मी ती रात्र आजीजवळ राहिली.

आठ दिवसांनी विमा कंपनीचं पाकीट आलं. वर नाव आण्णांचं, म्हणून त्यांनी ते फोडलं. पत्र इंग्रजीत होतं. आण्णांचं इंग्रजी पत्त्यांपुरतं, पण त्यातले दोन शब्द त्यांना येत होते. प्रेग्नन्सी हा शब्द दवाखान्याच्या पाटीवर असतो, आणि टर्मिनेशनची पत्रं त्यांनी स्वतः नोकरी गेलेल्या लोकांना नेऊन दिली होती. दोन्ही एकाच ओळीत वाचल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. सोबत दवाखान्याच्या कार्डाची प्रत होती. तिच्यावर मराठीत लिहिलं होतं, की गोळ्या घेऊन गर्भपात झाला आहे, रक्तस्राव अजून दोन आठवडे थोडा थोडा राहील, तेवढे दिवस जड वजन उचलू नये. कंपनीला डॉक्टरांचा आणखी एक दाखला हवा होता, आणि खाली पॉलिसीधारकाची सही.

आण्णांना राग आला. कसा येणार नाही? किडामुंगी मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारं जैनाचं घर हे. आणि पोरानं बापाला एका शब्दानं विचारू नये? विचारलं असतं तर बापानं काय सांगितलं असतं, हे पोराला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. हे आण्णांनाही कळत होतं, त्यामुळे राग अजून वाढला. अंथरुणावर पडल्यावर तो उतरला आणि त्याच्या खाली लाज सापडली. चौतीस वर्षांत केलं नाही ते आज घरात बसून केलं होतं. दुसऱ्याचं पत्र त्याला न विचारता वाचलं होतं.

सकाळी ते एसटीनं सांगलीला कंपनीच्या ऑफिसात गेले. टेबलावरच्या माणसानं कागद डोळ्यांखालून घातला आणि मोठ्यानं म्हणाला, "सुनेचं अबॉर्शन, होय ना?" मागं रांगेत तिघं उभे होते. आण्णांनी कागदावर पंजा ठेवला.

"हळू बोला की. फुडनं असले कागद तिच्या नावावर पाठवा. फोन बी तिलाच करा."

"पॉलिसी तुमची आहे, आजोबा. पत्र तुम्हालाच येणार. तुमच्यापासून काय लपवायचं?"

"माज्यापासनंच लपवायचं हुतं," आण्णा म्हणाले.

तो माणूस हसायला गेला आणि मध्येच थांबला. मग हळू आवाजात त्यानं सांगितलं, की या दाव्यापुरता सुनेचा मोबाइल नंबर लावून घेतो, आणि पुढच्या वर्षी मुलगा-सुनेची पॉलिसी वेगळी काढा. आण्णांनी तिथंच अर्ज भरून दिला.

घरी आल्यावर त्यांनी ते पत्र नव्या पाकिटात घातलं, डिंकानं चिकटवलं, वर दीपालीचं नाव घातलं आणि परसात कपडे वाळत घालणाऱ्या सुनेच्या हातात दिलं.

"डाक्टरचा दाखला तेवढा जोड. माजी सही हाय त्यात."

दीपालीचा चेहरा उतरला. "आण्णा, तुमी वाचलं?"

"माजं नाव हुतं, म्हून फोडलं. वाचायला नको हुतं."

"आईंना..."

"ज्याचं टपाल त्याला दिलं. माजं काम झालं."

का केलंस, हा प्रश्न त्यांच्या जिभेवर होता. तीही मान खाली घालून त्या प्रश्नाचीच वाट बघत होती. आण्णा वळले आणि घरात गेले.

खरी पंचाईत पुढंच होती. आवटींच्या घरी बाई चार दिवस बाजूला बसते आणि पाचव्या दिवशी न्हाऊन चुलीशी येते. दीपालीही पाचव्या दिवशी न्हाली होती. जास्त दिवस बसली असती तर गुणमालानं कारण विचारलं असतं. म्हणजे पोरगी अजून अंगावरून जात असताना स्वयंपाक करत होती, आणि हे आता आण्णांना माहीत होतं. दिवस मावळायच्या आत ताट समोर आलं. देवाधर्माचा हा माणूस त्या भाकरीकडे क्षणभर बघत राहिला. मग त्यांनी ती मोडली, खाल्ली आणि आणखी अर्धी मागून घेतली.

पण वीस लिटरच्या जारचं काय करायचं? गावच्या फिल्टरवरून पिण्याचं पाणी रोज दीपाली आणायची, कमरेवर घेऊन. दुसऱ्या दिवशी तिनं जार उचलला तसे आण्णा उठले. "ठेव. मी आनतो." घरातलं पाणी ज्यानं जन्मात भरलं नाही, तो अडुसष्टाव्या वर्षी खांद्यावर जार घेऊन भरगावातून चालत आला. तिसऱ्या दिवशी गुणमालाला राहवलं नाही. ती पडवीत मेथी निवडत बसली होती.

"आवं, सुनंचा लयच पुळका आलाय. भरतेशच्या पाठचं गेलं तवा मी पाचव्या दिवशी आडावर हुते, डोक्यावर दोन घागरी घिऊन. तवा न्हाई कुनी म्हनलं, ठेव म्हून."

आण्णा जारासकट दारात थांबले. "पाठचं गेलं? कवा?"

"तुमी टपाल वाटत हुता गावभर. तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई, आन् तुमी बी इचारलं न्हाई." ती रागानं बोलत नव्हती. मेथीची पानं खुडत होती.

आपोआप गेलं, का घालवलं? प्रश्न आण्णांच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी जार खाली ठेवला आणि बायकोजवळ जमिनीवर बसले.

"लय तरास झाला हुता?"

गुणमालाचे हात थांबले.

"व्हय," ती म्हणाली. "लय झाला."