मुलगी डिफेन्सला आहे

आमच्या कॉलनीत निम्मी घरं ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नोकरी केलेल्यांची, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी लष्करात. त्यामुळे ‘डिफेन्स’ या शब्दाला तिथे एकच अर्थ आहे: कायमची नोकरी, कॅन्टीनचं सामान आणि म्हातारपणी पेन्शन. भारताच्या महिला फुटबॉल संघात माझी निवड झाली, तेव्हा पप्पांनी फोनवर विचारलं, "कशात घेतलं तुला?" मी म्हटलं, "डिफेन्सला." बस. मी घरी पोचेपर्यंत कॉलनीभर पेढे वाटून झाले होते.

फुटबॉल आहे एवढं पप्पांना ठाऊक होतं. पण फुटबॉल खेळता खेळता पोरीला सैन्याने उचललं, असा त्यांनी स्वतःपुरता अर्थ लावला होता. समोरच्या काकू तर तोफखान्यातल्या एका मुलाचं स्थळ घेऊन आल्या. "दोघंही डिफेन्सचे, जोडा शोभेल," म्हणाल्या. मी हसले, आईने डोळे वटारले. काकू गेल्यावर मी पप्पांना नीट समजावलं, की गोल होऊ नये म्हणून समोरच्यांना अडवायचं, त्याला डिफेन्स म्हणतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "देशासाठीच अडवती ना? मग झालं की!" पुढेही ते सगळ्यांना तेच सांगत राहिले, आणि मी तो नाद सोडला.

मी लेफ्ट बॅक, म्हणजे बचावात डाव्या बाजूला खेळायचे. निळी जर्सी घालून बरेच देश पाहिले, म्हणजे त्यांचे विमानतळ, हॉटेलं आणि मैदानं पाहिली. आमचं काम नावडतीच्या मिठासारखं, कितीही घाला, अळणीच. पुढे खेळणारीने पाच संधी घालवल्या तरी सहावीला गोल केला की तिला खांद्यावर घेतात. आम्ही सामनाभर अडवायचं आणि एकदा सुटलं की तेवढंच सगळ्यांना आठवतं. मला मात्र ते काम मनापासून आवडायचं. अंगावर येणारीच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, डोळे फसवतात. तिच्या कमरेकडे बघायचं. कंबर खोटं बोलत नाही. पप्पांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. आमचे सामने टीव्हीवर दिसायचे नाहीत आणि त्यांच्या शिफ्टही चुकायच्या नाहीत.

गुडघा गेला तो सरावात. कुणी धक्कासुद्धा दिला नव्हता. पाय गवतात रुतला आणि बाकीचं अंग वळलं, एवढंच. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं आणि मी नाशिकला परत आले. गंगापूर रोडच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये आडवं पडून पाय वर-खाली करणं हीच माझी कारकीर्द झाली. क्लिनिकमधली पोरगी म्हणायची, "छान प्रोग्रेस आहे, मॅम." छान कसली, डोंबलाची! जिना उतरताना प्रत्येक पायरीला मी आधी विचार करत होते.

मग कळलं की नाशिकला मुलींचे सामने आहेत आणि निवड समितीतल्या एक मॅडम ते बघायला येणार आहेत. गुडघा टिकला तर मला पुन्हा भारताच्या संघाच्या कॅम्पला बोलावणार होते. माझं वय बघता हे शेवटचंच होतं. ते मलाही कळत होतं आणि त्यांनाही. मी एका स्थानिक संघातून उतरले.

पप्पा तोवर रिटायर झाले होते. "या खेपेला येतोच," म्हणाले. डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली, असे येऊन पायऱ्यांवर बसले. आपल्या पोरींनी कुठल्या गोलात मारायचं, हे त्यांनी शेजारच्या माणसाला विचारून घेतलं. पहिला हाफ बरा गेला. त्यात माझं कौतुक काही नव्हतं, माझ्या बाजूने कुणी आलंच नाही.

हाफनंतर दोन्ही संघ मैदानाच्या बाजू बदलतात. हे पप्पांना कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये सुरगाण्याकडची एक काटकुळी पोरगी माझ्या अंगावर आली. मी तिची कंबर बघितली. ती आत वळणार हे मला तिच्याआधी कळलं, अगदी पूर्वीसारखंच. पण डोक्याला कळलं ते गुडघ्याला कळेना. मी वळेपर्यंत ती पुढे गेली होती. मी जीव खाऊन पाय टाकला. तिने मारलेला चेंडू माझ्या बुटाला लागला, दिशा बदलली आणि आमच्याच गोलात गेला.

आमच्या पोरी जागच्या जागी थांबल्या. आणि पायऱ्यांवर एक माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. "शाब्बास तायडे! शाब्बास!"

मॅडमनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सामना संपायच्या आधीच त्या उठल्या. जाताना साइडलाइनला येऊन म्हणाल्या, "काळजी घे हं." आमच्या खेळात हे कुणाला म्हणतात, ते मला माहीत आहे. ज्यांना बोलवायचं असतं त्यांना तारीख सांगतात.

मला तिथेच बसून रडायचं होतं. पण स्कूटरवर पप्पा थांबता थांबेनात. "लय भारी मारला गं! इतकी वर्षं मारत नव्हती आन् बरोबर मॅडमसमोर मारला. आता तुला घेतल्याबिगर राहत नाय त्या." वाऱ्यामुळे ते मान मागे वळवून ओरडत होते. "पप्पा, पुढे बघा," एवढंच मी म्हणाले.

घरी आल्यावर मी सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरून बसले. आईने गुडघा पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि ती आत गेली. पप्पांनी स्टुलावर चढून माळ्यावरची माझी मोठी बॅग खाली काढली, फडक्याने पुसली. चेन अडकत होती म्हणून देव्हाऱ्याजवळची मेणबत्ती आणून तिच्यावर घासत बसले. सांगावं, आत्ताच सांगावं, असं मी सारखं ठरवत होते. ते मान खाली घालून घासत होते आणि स्वतःशीच हसत होते.

"बघ, कशी सरकती आता," म्हणून त्यांनी चेन उघडून दाखवली. मग बॅग माझ्यासमोर ठेवून मांडी घालून बसले. "हां, सांग. काय काय घालू यात?"

मी एकेक सांगत गेले. ते घालत गेले.