पाचवी कॅसेट

ही गोष्ट मी आमच्या ह्यांनाही सांगितली नाही—आणि ह्यांना तर मी भाजीवालीशी झालेलं भांडणसुद्धा दोनदा सांगायची. आज तुम्हाला सांगते. तुम्ही कोण, मला काय ठाऊक? म्हणून तर सांगता येतंय.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही बारामतीत राहायचो. हे कारखान्यात फिटर, आणि तिथंच मशीन बसवायला इटलीहून आलेला मार्को आमच्या माडीवर भाडेकरू. सासऱ्यांकडून तो ‘व्हय’ शिकला आणि मग कशालाही व्हय म्हणायचा. त्याच्या देशात दर वर्षी टीव्हीवर गाण्यांची मोठी स्पर्धा लागते—पाच रात्री चालते, घरोघरी बघतात म्हणे. त्याची आई ती रेकॉर्ड करून पोस्टानं पाठवायची. मार्च लागला की पाच कॅसेटी हजर. व्हीसीआर आमच्याकडे, म्हणून दर रविवारी एक कॅसेट आमच्या बैठकीत. निकाल पाचवीत. पत्रात निकाल लिहायचा नाही, अशी आईला ताकीद होती.

भाषा कुणाला कळत होती? तरी वस्तीतल्या बायका दुपारची भांडी तशीच टाकून यायच्या. पहिल्या रविवारी प्रत्येकीनं आपापला गायक निवडायचा. ज्या बाईचा गायक पहिला येईल तिनं निकालादिवशी पाटावर बसायचं, बाकीच्यांनी तिला पुरणपोळी वाढायची. इतकी हसायची मी त्या रविवारांना, की पोट धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसावं लागायचं.

माझी धाकटी जाऊ कमल टीव्हीकडे पाठ करून, डाळ निवडत ऐकायची. वस्तीच्या भीमगीतांत पुढं गायची ती. पहिल्या वर्षी म्हणाली, “त्या चष्मेवालीचा सूर पोटातनं येतुया.” चष्मेवाली पहिली आली. मी निवडलेला जांभळ्या कोटातला देखणा गडी—शेवटून दुसरा. “आक्कांनी कोट निवडला, गाणं न्हाय,” कमल म्हणाली, आणि बायका लोळायच्या बाकी राहिल्या. मी थोरली जाऊ, हातात तुपाची वाटी घेऊन धाकटीच्या पुढ्यात वाकलेली. ती बोलली ते खरंच होतं. म्हणूनच झोंबलं.

मग काय केलं—सांगते, थांबा. माडीवर पत्र्याखाली कॅसेटी तापतात म्हणून मार्को त्या आमच्या कपाटात ठेवायचा. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. दुसऱ्या वर्षीचं पार्सल आलं. कमल दळण घेऊन गिरणीत गेली. मी दाराला कडी घातली आणि पाचवी कॅसेट लावली. पळवत पळवत शेवटाला नेली. एक नाकेला पोरगा फुलांचा गुच्छ धरून ढसाढसा रडत होता. झालं. कॅसेट उलटी फिरवून होती तशी ठेवली. चोरीतसुद्धा मी नीटनेटकी.

रविवारी मी चार-पाच गाणी गंभीरपणे ऐकली आणि म्हटलं—हा. तोच पहिला आला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा पाट माझा. बायका म्हणायला लागल्या, काय कान हाय आक्कांचा. मार्कोनं आईला पत्रात माझ्याबद्दल लिहिलं. आणि मी? मी ‘दम’, ‘ठेका’, ‘पट्टी’ असले शब्द वापरायला लागले. कमल पोळ्या लाटताना गुणगुणली तर मी म्हणायची, “जरा वर लागलाय.” कुठं वर, कुठं खाली—मला काय कळत होतं?

इथवर हसा. मीही हसते.

पण त्याच तिसऱ्या वर्षी, एप्रिलातल्या जयंतीला, इंदापूरला बायकांच्या भीमगीतांची स्पर्धा होती. आमच्याकडून पुढं गाणार कमल. त्या एका दिवसासाठी ती वर्षभर गळा जपायची. आठवडा राहिला आणि ती स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन बसली. “आक्का, औंदा तुमीच म्हना पुढं. मला वाटतं ते आता खरं निघत न्हाय. माझा कान गेला.”

एक वाक्य पुरलं असतं—नाही का? मी म्हटलं, “बरं.”

भ्यालेही होते, आणि—हे जास्त वाईट—गुदगुल्याही झाल्या होत्या. पांढरी साडी कडक इस्त्री करून घेतली. इंदापुरात माईकपुढं उभी राहिले आणि इतक्या वर सुरुवात केली की दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. पुढच्या सतरंजीवर कुणाचं तान्हं रडायला लागलं. ते तरी माझ्यापेक्षा सुरात होतं. मग मागच्या रांगेतून कमलनं गाणं उचललं—हळूच, आमचं तसंच ठरलं होतं जणू—आणि शेवटपर्यंत नेलं. नंबर आला नाही. परतीच्या टेम्पोत तीच मला म्हणाली, “माईकच खराब हुता, आक्का.”

मी म्हटलं, “व्हय, मलाबी तसंच वाटलं.”

त्यानंतर कमल एकटी कधी उभी राहिली नाही. गाते, पण घोळक्यात. परवा माझ्या पणतीच्या नामकरणाला बायकांनी तिला ओढून पाळण्यापाशी आणलं. पंचाहत्तरीतला आवाज, तरी बाहेरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. तिनं पहिली ओळ म्हटली, थांबली आणि सगळ्यांदेखत माझ्याकडं बघितलं—बरोबर हाय का, आक्का?

मी मान हलवली. मग ती पुढची ओळ गायली.